ड्रिलकाका

ज्यांनी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात उभं आयुष्य ग्राइंडर हातात धरून काढलं, ते निवृत्तीनंतर गुलाबाची कलमं लावतात. घरातला बल्ब गेला तरी पोराला हाक मारतात. ड्रिलकाका त्यांतले नव्हेत. ड्रिलकाका बँकेतून निवृत्त होतात, नाहीतर एलआयसीतून, नाहीतर जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून. सगळी नोकरी दुसऱ्याने केलेल्या कामावर टिका मारण्यात गेलेली असते. पेन्शन सुरू होते आणि त्याच महिन्यात त्यांच्या लक्षात येतं, की स्वतःच्या घरातलं एकही काम आजवर कुणी तपासलेलं नाही.

पुण्यात सोसायटी म्हटली की असे एक काका असतातच. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो. आपल्याकडे चहाला आले तर बसण्याआधी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करतात. "सिपोरेक्स दिसतंय. हॅमर लावू नका हं, भोक ढिलं होईल. नुसतं फिरवायचं." आपल्याला भिंतीला काहीही लावायचं नसतं.

त्यांच्या घरात ड्रिलची गरज निर्माण होते ती काकूंच्या एका वाक्याने. "अहो, बाथरूममध्ये टॉवेलला एक रॉड लावून घ्या ना." 'लावून घ्या' म्हणजे कुणालातरी बोलावून, असा काकूंचा अर्थ. काका जुनी डायरी काढून रकाने आखायला बसतात. वॅट, आरपीएम, चक, वजन, वॉरंटी, सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब. घरच्या कामाला पाच-सहाशे वॅटचं, १३ एमएम चकचं साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं, हे पहिल्याच संध्याकाळी कळलेलं असतं. पण पहिल्याच संध्याकाळी निकाल लागला तर तो अभ्यास कसला? उद्या कॉलमला भोक पाडायची वेळ आली तर? काँक्रीटपुढे इम्पॅक्ट ड्रिल नुसतं किंचाळतं. तिथे रोटरी हॅमर पाहिजे, त्यात हवेच्या दाबाने बिटला आतून ठोके बसतात.

"पण कॉलमला भोक पाडायचंच कशाला?"

"पाडायचंच नाही. कॉलमला हात लावायचा नसतो," असं म्हणून काका रोटरी हॅमरचा रकाना आखतात.

पुढे कॉर्डलेसचा मुद्दा निघतो. १२ व्होल्टचं की १८? इथे काका दबकतात, कारण एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही. आज ड्रिल घेतलं की उद्याचा ग्राइंडर, परवाची करवत, सगळं त्याच कंपनीचं घेणं आलं. "बाबा, मी ऑनलाइन मागवू का?" असं मुलगा बंगळुरूहून विचारतो. "हातात न धरता?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं.

हातात धरायला काका रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जातात. दुकानदार सांगतो, "घ्या साहेब, भरपूर चालतंय हे." काकांना हे पटत नाही. भरपूर म्हणजे किती? कार्बन ब्रश झिजले तर सुटे मिळतील का? दुकानदार खोका फिरवून बारीक अक्षरं वाचायला लागतो. तो वाचत असताना काका त्याला सांगतात, की हातात धरायचं पहिलं विजेचं ड्रिल श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये काढलं. भिंतीत बसवायच्या प्लगची कथा तर आणखी सुरस. ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेची फिटिंग बसवायची होती, तेव्हा जॉन रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराने १९११ च्या सुमारास तो शोधून काढला.

"गिट्ट्या देऊ का मग?" दुकानदार विचारतो. "शंभरचं पाकीट येतं."

काका पाकीट घेतात. बिटांचाही निर्णय झालेला असतो, म्हणून तीही घेतात. भिंतीसाठी टोकाला कार्बाइड बसवलेली, लाकडासाठी मध्ये अणी असलेली, लोखंडासाठी एचएसएस. शिवाय गॉगल. ड्रिल तेवढं राहतं. ते दिवाळीच्या सुमारास येतं. काकूंनी रॉड मागितलेला असतो आषाढात, टॉवेल वाळत नाहीत म्हणून.

विजेच्या सामानासाठी मुक्काम बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. भाजीवाल्यापुढे भेंडीचं टोक मोडून बघावं तसं काका काउंटरवरचं प्रत्येक बटण दाबून, कान लावून बघतात. आवाज एकदाच यायला हवा. बटण अर्ध्यावर रेंगाळलं की बाजूला. सॉकेट उलटा करून आयएसआयचा शिक्का शोधतात. थ्री-पिन टॉपमधली अर्थिंगची पिन लांब का, हे शेजारच्या गिऱ्हाइकाला समजावतात. ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. गिऱ्हाईक फक्त झिरोचा बल्ब घ्यायला आलेलं असतं.

इलेक्ट्रिशियनशी काकांचं नातं शाखेत तपासणीला आलेल्या ऑडिटरइतकंच प्रेमाचं. पोरगा बोर्डासमोर उभा राहून म्हणतो, "काका, एमसीबी सारखा पडतोय. बत्तीसचा टाकून देऊ का?"

"वायर कितीची आहे?"

"अडीचची."

"अडीचच्या वायरवर बत्तीसचा? म्हणजे आधी वायर भाजेल आणि मग तुझा एमसीबी पडेल!"

"चालतंय हो काका. सगळीकडे असंच करतो आम्ही."

'चालतंय' हा शब्द नोकरीभर काकांनी एकाही व्हाउचरवर चालू दिलेला नसतो. ते पोराला स्टुलावर बसवतात, काकूंना चहा टाकायला सांगतात आणि वर्ग सुरू होतो. गिझर २००० वॅटचा. २३० ने भाग. पावणेनऊ अँपियर आले. मग तो ६ च्या सॉकेटवर चालेल का? १६ चाच लागेल. आणि एमसीबी वाचवतो वायरला, माणसाला नाही. माणसासाठी आरसीसीबी. आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपियरचा फरक पडला की खटका पडलाच पाहिजे. "आवक-जावक जुळलीच पाहिजे," काका म्हणतात, आणि क्षणभर त्यांचा आवाज दाटतो. पोरगा चहा पितो, मान डोलावतो, आणि पुढच्या घरी जाऊन बत्तीसचा टाकतो.

रॉड लागतो तो दिवस मात्र बघण्यासारखा. टाइलवर मास्किंग टेप, टेपवर पेन्सिलीची फुली, फुलीखाली धूळ झेलायला चिकटवलेलं लग्नपत्रिकेचं पाकीट. आतून नळाचा पाइप कुठून गेलाय याचा नकाशा काकांनी फ्लॅटचा ताबा घेतानाच काढून ठेवलेला. टाइल फुटू नये म्हणून सुरुवात हॅमर बंद ठेवून. टाइल ओलांडली की काका थांबतात, बिट बाहेर काढतात, हॅमरचा खटका सरकवतात आणि म्हणतात, "आता." काकूंनी कान झाकलेले असतात. अर्ध्या मिनिटात भोक तयार. गिट्टी बोटाने अर्धी जाते, उरलेली हातोडीच्या दोन टिचक्यांनी. रॉड लागतो, लेव्हलचा बुडबुडा बरोबर मध्ये. काम चोख झालेलं असतं.

आणि काका उदास होतात. डायरीत रिकामा रकाना उरलेला नसतो. संध्याकाळी ते काकूंना सहज विचारल्यासारखं विचारतात, "स्वयंपाकघरात एखादा शेल्फ हवा का गं?" काकू शहाण्या आहेत. घरात काही हवं असलं तर हल्ली त्या मनातच ठेवतात.

अशा माणसाला सोसायटी हसते. ड्रिल मागायला गेलं तर ते एकटं मिळत नाही, काकाही बरोबर येतात, म्हणून लोक टाळतात. पण पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात नळाला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या, तेव्हा सकाळी साडेसहाला बेल वाजली ती काकांचीच. ते टेस्टर घेऊन, रबरी चप्पल घालून गेले. आधी मेन स्विच पाडला, मग गिझरची प्लेट उघडली. अर्थिंगची हिरवी वायर कशालाच जोडलेली नव्हती. नीट गुंडाळून आत कोंबून ठेवली होती. काकांनी ती सगळ्यांना दाखवली. चेहऱ्यावर संताप होता, पण नोकरीभरात कधी हाती न लागलेला घोटाळा शेवटी सापडल्याचा आनंदही लपत नव्हता.

"मग आजच बोलावू का इलेक्ट्रिशियनला?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"बोलवायचाच. अर्थिंग झाल्याशिवाय गिझरला हात नाही लावायचा," काका म्हणाले. "पण आरसीसीबीही नाहीये तुमच्याकडे. एकदाच बोर्ड उघडू. कुठला घ्यायचा ते आधी ठरवू. रविवारी मोकळे आहात ना? तपकीर गल्लीत जाऊ."

एका रविवारी ते ठरलं नाही. दुसऱ्या रविवारी ठरलं. तोवर त्या घरात अंघोळीचं पाणी गॅसवर तापत होतं, शेजारीणबाई रोज काकांच्या नावाने बोटं मोडत होत्या, आणि झिणझिण्या मात्र कुणालाच आल्या नाहीत.