वाट नसलेले गृहस्थ

ट्रेकिंगच्या प्रत्येक गटात हे एक असतातच. कळसूबाईचं नाव काढलं की यांचा चेहरा उतरतो. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, सगळं मान्य. पण तिथं लोखंडी शिड्या आहेत, सरबत मिळतं आणि माणसं जातात. 'माणसं जातात' हा त्यांच्या लेखी डोंगरावरचा सर्वांत गंभीर आरोप. हरिश्चंद्रगडावर पाचनईहून चढणारे त्यांना सहलवाले वाटतात. कोकणकड्याशेजारच्या नळीच्या वाटेबद्दल ते पूर्वी हळव्या आवाजात बोलत. एकसारखे टी-शर्ट घातलेले गट तिथं दिसू लागले आणि तीही त्यांनी टाकली.

कचेरीत हा माणूस रजेचा अर्जसुद्धा ठरलेल्या नमुन्याबाहेर लिहीत नाही.

जीव जडलाय तो सर्व्हेच्या नकाशावर. पन्नास हजारांस एक प्रमाणाच्या त्या कागदावर दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचा फरक असतो. आणि सह्याद्री तर लाव्ह्याच्या थरावर थर बसून झालेला: एक पदर, वर कातळ, पुन्हा पदर. पंधरा मीटरचा उभा कातळ त्या दोन रेषांत आरामात लपतो. तो नेमका कुठं लपलाय हे ते आम्हाला भर दुपारी, पाणी संपल्यावर प्रत्यक्ष दाखवतात. "अरे वा! हा नकाशात नव्हता," म्हणतात, आणि खूश होतात.

घसारा म्हणजे त्यांच्या भाषेत 'थोडी सुटी माती', डोक्यावर गेलेली कारवी म्हणजे 'धरायला आधार'. सात वर्षांनी एकदा फुलणारी ही कारवी मधली वर्षं निव्वळ आमचे शर्ट फाडण्यात घालवते, असं माझं मत आहे. 'परत फिरू या' म्हटलं तर ते दुखावतात. 'वाट चुकलो' म्हटलं तर मात्र चिडतात. चुकायला आधी वाट असावी लागते, हा त्यांचा मुद्दा. आणि तो खोडता येत नाही.

पायथ्याच्या वाडीत ते हटकून चौकशी करतात. वाट विचारायला नव्हे, ती नाही याची खात्री करून घ्यायला.

"मामा, त्या घळीतून वर वाट आहे का?"

"नाही."

"गुरं जातात?"

"नाही."

"माकडं?"

मामांनी घळीकडं बराच वेळ पाहिलं. "माकडं पलीकडच्या सोंडेनं जातात."

हे ऐकलं आणि गृहस्थ बुटांच्या नाड्या आवळायला खाली वाकले.