फसलेली पिढी पटकन ओळखू येते

आमच्या नात्यागोत्यात कुणाच्या कपाटातून जुना आयपॉड निघाला की तो माझ्याकडे येतो. दुरुस्तीला नव्हे, ती मला येत नाही. तो कितव्या पिढीचा, एवढंच सांगायला येतो. या विद्येचा उपयोग काय, असं घरचे अधूनमधून विचारतात. उपयोग काहीच नाही. पण लग्नाच्या मांडवात समोरून पळत गेलेल्या पोराकडे बघून एखादी आत्या ‘हा धाकट्या दादांचा नातू, कान बघ ना’ म्हणते, तेव्हा तिला तरी कुणी मानधन देतं का?

आयपॉडचं वय त्याच्या अंगावर छापलेलं नसतं. पाठीवरच्या चकचकीत पोलादावर कंपनीचं नाव असतं, अनुक्रमांक असतो, आणि ‘ए’ने सुरू होणारा एक नमुना क्रमांक इतक्या बारीक अक्षरांत असतो की तो वाचायला चष्म्यावर भिंग धरावं लागतं. ‘पिढी तिसरी’ असं कुठेही नाही. स्वतः ॲपलनेही पहिल्या काही वर्षांत या सगळ्यांना नुसतं ‘आयपॉड’ म्हटलं. बारसं एकदाच, मुलं पाच.

त्यातलं थोरलं २३ ऑक्टोबर २००१ला जगापुढे आलं. स्टीव्ह जॉब्जने ते खिशातून काढलं आणि हजार गाणी खिशात मावतात असं सांगितलं. पाच जीबी, किंमत ३९९ डॉलर, आणि चालणार फक्त मॅकवर. ओळखायला अगदी सोपं: पुढचं चाक खरोखर फिरतं. दुसऱ्या वर्षीच्या भावंडाचं चाक दिसायला तसंच, पण जागचं हलत नाही. अंगठा त्यावरून फिरतो आणि चाकाला तो नुसता कळतो. फिरणाऱ्या वस्तूच्या फटीत धूळ जाते हे आपल्याकडे मिक्सर घासणाऱ्या कुणीही आधीच सांगितलं असतं.

इथे माझा एक सिद्धान्त आहे. आयपॉडची पिढी ओळखायची तर त्यात काय चांगलं आहे ते पाहू नये. पुढच्या वर्षी कंपनीने निमूटपणे काय काढून टाकलं, ते शोधावं.

तिसरी पिढी घ्या, एप्रिल २००३ची. पडद्याखाली एका ओळीत चार गोल बटणं, अंधारात तांबूस उजळणारी. माझ्या मते एवढा देखणा आयपॉड पुन्हा झाला नाही. पण ती बटणं दाबायची नव्हती, नुसती स्पर्शाची होती. त्यामुळे खिशात हात घालून गाणं बदलायला जावं तर भलतंच चालू व्हायचं किंवा आहे तेही बंद पडायचं. जानेवारी २००४मध्ये ‘मिनी’ आला. त्याच्या चिमुकल्या तोंडावर चार वेगळी बटणं मावेनात, म्हणून ती चाकाच्याच पोटात घातली, चाकच चार बाजूंनी दाबायचं. जागेच्या अडचणीतून निघालेली ही तोड इतकी सरस ठरली की सहाच महिन्यांत चौथ्या थोरल्यानेही धाकट्याचं चाक उचललं. चार दिव्यांची ओळ गेली ती गेलीच. म्हणून तिसरा आयपॉड खोलीच्या पलीकडूनही ओळखता येतो.

खुद्द मिनी मात्र घोळ घालतो. पहिला आणि दुसरा दिसायला सारखेच. अशा वेळी चाकावरची अक्षरं बघावीत. ती करडी असली तर पहिला, अंगाच्या रंगाची असली तर २००५चा दुसरा. आणि सोनेरी असेल तर अक्षरांकडे बघायलाही नको, कारण दुसऱ्या खेपेला सोनेरी रंगच वगळला होता. आमच्याकडे न्यू जर्सीहून आलेला सोनेरी मिनी कितीतरी वर्षं ‘खास भारतासाठी निवडलेला रंग’ म्हणून कौतुकाने दाखवला जाई. मी काही बोललो नाही. आणणारी माणसं प्रेमाने आणतात.

खरी परीक्षा पाचव्यापाशी. ऑक्टोबर २००५मध्ये मोठा रंगीत पडदा आणि चलच्चित्रं घेऊन तो आला. पुढच्या सप्टेंबरात त्यात किरकोळ सुधारणा झाल्या आणि बाहेरून तसूभरही फरक पडला नाही. नमुना क्रमांकसुद्धा दोघांचा ए११३६. यातल्या नंतरच्याला आम्ही मंडळी ‘साडेपाचवा’ म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना आमचा आवाज जरा खाली येतो. कारण कानसेनांचं म्हणणं असं की पाचव्या-साडेपाचव्यातल्या वुल्फसन चिपचा आवाज पुढच्या क्लासिकमध्ये राहिला नाही. मला तो फरक ऐकू येत नाही. मान मात्र मी डोलावतो.

साडेपाचवा ओळखायचा तर तो चालू करून संगीताच्या यादीत ‘सर्च’ ही ओळ आहे का, हे पाहावं लागतं. आणि एकदा चालू केला की दुसऱ्याच्या गाण्यांत नाक खुपसणं आलंच. शोधण्याची सोय आधीच का हवी होती, हे मराठी माणसाचा आयपॉड पाहिल्यावर कळतं. गायकांच्या यादीत ‘पी’ या अक्षराखाली अर्धं हिंदुस्थानी संगीत दाटीवाटीने बसलेलं असतं, कारण प्रत्येक नावाआधी कुणीतरी भक्तिभावाने ‘पंडित’ टंकलेलं असतं. भीमसेन, जसराज, कुमार गंधर्व, सगळे एका रांगेत. उस्ताद तिकडे ‘यू’मध्ये. लताबाई रोमन लिपीतल्या चार वेगवेगळ्या स्पेलिंगांमुळे चार जणी झालेल्या. यंत्राची पिढी चुकेल एखादे वेळी, पण मालकाची पिढी त्या ‘पंडित’वरून हमखास ओळखावी.

सप्टेंबर २००७मध्ये आलेल्या सहाव्याला कंपनीने ‘क्लासिक’ म्हटलं. ज्याला क्लासिक म्हणतात त्याचं यापुढे फार काही होणार नाही, हे तेव्हाच समजायला हवं होतं. पुढची सात वर्षं त्याच्यात फक्त जागा कमीजास्त होत राहिली: २००७मध्ये ८० आणि १६० जीबी, २००८मध्ये १२०, २००९मध्ये पुन्हा १६०. नमुना क्रमांक सगळ्यांचा ए१२३८. दोन १६०मधला जाड तो आधीचा, सडपातळ तो नंतरचा. सप्टेंबर २०१४मध्ये तो बंद झाला. फारसं न फसलेल्या वस्तूची ही पंचाईत असते, तिला खुणाच नसतात.

नॅनोच्या बाबतीत उलट. त्याच्या सात पिढ्या आणि सातही वेगळ्या, कारण त्या घराण्यात कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. पहिला, २००५चा, जॉब्जने जीन्सच्या त्या छोट्या खिशातून काढला, ज्यात एरवी सुटे पैसे ठेवले की धुवायलाच निघतात. तो दिसायला झकास, पण किल्ल्यांशेजारी ठेवला की ओरखडे. दुसऱ्याला म्हणून धातूचं अंग. तिसरा एकाएकी बुटका आणि रुंद, चौथा घाबरून पुन्हा उंच. पाचव्याच्या पाठीला चित्रण करणारा कॅमेरा, जो सहाव्यात गेला आणि जाताना व्हिडिओ बघण्याची सोयही घेऊन गेला. सहावा तर नुसता चौकोन, लोक त्याला पट्टा लावून मनगटावर बांधायचे. २०१२चा सातवा परत लांबट. पहिल्या नॅनोच्या बॅटऱ्या तापतात म्हणून नोव्हेंबर २०११मध्ये कंपनीने ते बदलून द्यायला परत मागवले, तेव्हा कित्येकांना बदली म्हणून सहावा मिळाला. पाठवला २००५चा, आला २०१०चा. आता अशा माणसाने ‘माझा पहिल्यापासूनचा नॅनो’ म्हणावं की नाही, यावर मी मत देत नाही.

आणि शफल. मार्च २००९च्या तिसऱ्या शफलच्या अंगावर गाणी बदलायला एकही बटण नव्हतं, सगळी इअरफोनच्या दोरीवर. दोरी बिघडली की गाणी आत आणि आपण बाहेर. पडदा नसल्यामुळे तो गाण्याचं नाव बोलून सांगे, पण मराठी त्याला येत नसल्याने अभंगाचं नावही साहेबी वळणाने उच्चारी. सप्टेंबर २०१०मध्ये बटणं परत आली. तो तिसरा शफल कुठे दिसला तर मला ओळखायला एक क्षणही लागत नाही.

हल्ली मात्र माझ्या विद्येवर संकट आलं आहे. जुन्या आयपॉडमधली थकलेली हार्ड डिस्क काढून तिथे मेमरी कार्ड बसवण्याचा छंद तरुण पोरांत आहे. त्याबरोबर नवी बॅटरी, नवी पुढची बाजू, सगळंच बदलतात. भाच्याने असाच एक आणला. पुढची बाजू पारदर्शक, चाक लाल, पाठीवर ६० जीबी कोरलेलं आणि आत कार्ड त्याच्या कितीतरी पट.

‘‘मामा, हा कितवा?’’

मी चालू केला. सर्च होता. ‘‘साडेपाचवा,’’ मी म्हणालो.

‘‘पण पाठ?’’

‘‘पाठ पाचव्याची. साडेपाचवा साठमध्ये निघालाच नव्हता.’’

‘‘आणि चाक?’’

‘‘लाल चाक यू-टू बँडच्या खास आवृत्तीचं. किंवा कुणीतरी सुटं विकत घेतलेलं.’’

‘‘मग मी लिहू काय? विकायच्या जाहिरातीत पिढीचा एकच रकाना आहे.’’

मी बराच वेळ विचार करत बसलो. तोवर त्याने तिथे ‘दुर्मीळ’ असं लिहून किंमत दीडपट केली होती.