हार्वे आला, आली की आले?

टेक्सासमधल्या काही मराठी मंडळींनी अटलांटिकच्या हरिकेनांवर मराठीत पुस्तिका काढायचे ठरवले. लिहिणारे पाच जण: तिघे तिकडचे, भूगोलाचे एक निवृत्त प्राध्यापक पुण्याचे, आणि मी. माझी पात्रता म्हणजे मला शुद्धलेखन येते असा घरच्यांचा समज आहे.

‘आधी लिहू या, नियम मग ठरवू’ असे कोणीतरी म्हणाले. म्हणणाऱ्याने यापूर्वी चारचौघांत मिळून लग्नपत्रिकासुद्धा लिहिली नसावी. पहिल्याच पानावर हार्वे या हरिकेनाबद्दल ‘हार्वे आला’, पुढच्या ओळीत ‘ते वळले’ आणि शेवटी ‘ओसरली’! इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही. मराठी क्रियापद मात्र वादळाचीसुद्धा आधी चौकशी करते. सरांनी निकाल दिला, ‘वादळ नपुंसकलिंगी, सबब आले.’ टेक्सासकर म्हणाले, ‘सर, कॅटरिना आले हे कसे वाटते?’ मग बाईच्या नावाला आली, पुरुषाच्या नावाला आला, अशी तडजोड निघाली. पण अटलांटिकच्या वादळांना 1953 ते 1978 फक्त बायकांचीच नावे देत. पुरुषांची पाळी आली 1979 साली. म्हणजे आमच्या पुस्तिकेत पंचवीसेक वर्षांची सगळी मोडतोड एकट्या बायकांनी केली असती. आमच्यातल्या एकमेव बाईंनी चष्म्यावरून नुसते पाहिले. ‘आले’ एकमताने मंजूर झाले.

तारखेवरून तर दोन खंडांत जुंपली. हार्वे टेक्सासच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा तिथे 25 ऑगस्ट 2017 चे रात्रीचे दहा वाजले होते. हवामानवाल्यांच्या जागतिक घड्याळात 26 तारखेची पहाट, तीनचा सुमार. पुण्यात 26 चीच सकाळ, साडेआठ. शास्त्रीय लेखन जागतिक वेळेतच हवे आणि पुण्याचीही तारीख तीच आहे, असे सरांचे म्हणणे. (दुसरा मुद्दा पुण्याबाहेर कोणाला सुचला नसता.) तिकडून उत्तर आले, ‘वारा आमच्या अंगावर आणि तारीख तुमची?’ स्थानिक वेळ ठरली.

वेगाचा घोळ त्याहून गहन, पण त्यात आम्ही एकटे नव्हतो. मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र वाऱ्याचा वेग नॉटमध्ये धरते आणि लोकांना मैलांत सांगताना पाचाच्या पटीत बसवते. 115 नॉट म्हणजे ताशी 132 मैल, पाचाच्या पटीत 130. आता सॅफिर-सिम्पसन श्रेणीत चौथा वर्ग सुरू व्हायचा 131 ला! म्हणजे नॉटमध्ये चौथ्या वर्गात बसलेले वादळ मैलांत तिसऱ्या वर्गात उतरे. शेवटी 2012 साली श्रेणीचीच सीमा एका मैलाने खाली आणून 130 केली. हे वाचून मला फार बरे वाटले. आम्ही मात्र किलोमीटर नॉटवरून काढायचे की गोळाबेरीज केलेल्या मैलांवरून, यात रविवारमागून रविवार घालवले. एका हिशेबाने 115 नॉटचे हार्वे 215, दुसऱ्याने 210. नॉट जिंकले.

पैशांचे लवकर आटोपले. कॅटरिनाचे नुकसान 125 अब्ज डॉलर, हार्वेचेही तितकेच; पण एक डॉलर 2005 चा, दुसरा 2017 चा, तेव्हा आकड्यापुढे साल घालायचे. रुपयांत सांगण्याची सूचना कोणी उचलून धरली नाही.

सगळे नियम टंकून झाल्यावर ॲलिस निघाले. जून 1954 मध्ये एक ॲलिस येऊन गेले होते. जानेवारी 1955 मध्ये समुद्रात आणखी एक वादळ सापडले. नवे साल, नवी यादी, आणि यादीतले पहिले नाव पुन्हा ॲलिस. नंतर कागद तपासताना कळले, की हे उपजले होते 30 डिसेंबरला. लीवर्ड बेटांवरून ते गेले 1955 मध्ये, पण जमा झाले 1954 च्या खाती. त्यामुळे 1954 च्या प्रकरणात ॲलिस दोनदा येते. मुद्रितशोधकांनी कृपया एक खोडू नये.