ललितेतर : एक अभ्यास

कथा, कविता, कादंबरी आणि नाटक यांपैकी काहीच नसलेल्या लेखनाला मराठीत ललितेतर म्हणतात. काय आहे हे न सांगता काय नाही एवढेच सांगणारे हे नाव आहे. थालीपिठाला 'पोळीतर' म्हणावे, तसे. 'वैचारिक' असे त्याचे दुसरे नाव आहे, पण ते प्रकाशक विक्रेत्याच्या देखत उच्चारत नाहीत. सार्वजनिक ग्रंथालयात या पुस्तकांची सोय चरित्र, इतिहास, धर्म, आरोग्य अशा कपाटांत लावलेली असते आणि कुठेच न बसणारे पुस्तक 'संकीर्ण' या शेवटच्या कपाटात जाते. त्या कपाटाची किल्ली सहसा जाग्यावर नसते. किल्ली मागणारा वाचक मिळवणे हे ललितेतर लेखकाचे पहिले काम होय.

वाचकाची गाठ आधी शीर्षकाशी पडते. मराठीत शीर्षकाचे दोन साचे रूढ आहेत. पहिला 'अमुक : एक अभ्यास' आणि दुसरा 'अमुक : दशा आणि दिशा'. यांत अपूर्णविरामाच्या डावीकडे विषय असतो आणि उजवीकडे माफी. 'एक अभ्यास' म्हटले की आणखीही अभ्यास झालेले असणार, अशी शंका वाचकाला येते आणि तो त्यांतला बारीक कोणता ते पाहू लागतो. 'दशा आणि दिशा' या साच्यातील पुस्तकांत दशेला अडीचशे पाने मिळतात आणि दिशेला चार.

पूर्वसूरींनी हे साचे नेहमीच पाळले असे नाही. 'केसरी'च्या १८९७ मधील एका अग्रलेखाचे शीर्षक 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असे होते. त्या जागी 'सरकारी धोरण : एक चिंतन' असे असते, तर देशी वृत्तपत्रांतील मजकूर इंग्रजीत करून साहेबापुढे ठेवणाऱ्या अनुवादकालाही डुलकी लागली असती. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० चे. मोबाइलवर सध्या पोट कमी करण्याचे जे सात उपाय आणि श्रीमंत होण्याच्या ज्या पाच सवयी फिरत असतात, त्यांची ही पणजी. फरक इतकाच की पणजीने आकडा हजाराचा सांगितला होता. वीणा गवाणकर यांनी १९८१ मध्ये एका अमेरिकन कृषिशास्त्रज्ञाचे चरित्र लिहिले आणि त्याला 'एक होता कार्व्हर' असे नाव दिले. राजा-राणीच्या गोष्टीसारखे सुरू होणारे हे नाव वाचून ज्याने पुस्तक उघडले, तो शेतीशास्त्र, वर्णभेद आणि भुईमूग यांच्यात केव्हा शिरला ते त्यालाही कळले नाही. प्रत्येक भाजीत शेंगदाण्याचे कूट घालणाऱ्या समाजात भुईमुगाच्या माणसाचे चरित्र खपले, यात नवल नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या न्यायाने खोबऱ्याचेही एखादे चरित्र खपायला हवे होते.

शीर्षकानंतर सुरुवात येते. माहितीपर लेखाची सुरुवात प्राचीन काळापासून करण्याची पद्धत आहे. समजा, लेख हापूस आंब्यावर आहे. पहिल्या परिच्छेदात 'आम्र' शब्दाची व्युत्पत्ती येते, दुसऱ्यात पुराणे येतात, तिसऱ्यात परदेशी प्रवासी येऊन आंबा खातात आणि चौथ्यात पोर्तुगीज गोव्यात उतरून कलमे बांधतात. लेख रत्नागिरीला पोहोचतो तेव्हा शब्दमर्यादा संपलेली असते आणि वाचक देवगडच्या पेटीचा भाव काढायला बाजारात गेलेला असतो. अनुभवी उपसंपादक अशा लेखाचे पहिले तीन परिच्छेद न वाचताच कापतो. लेखकाला त्याचे दुःख होते, कारण लेखापैकी ग्रंथालयात बसून लिहिलेला भाग तेवढाच असतो.

भाषेविषयी फार सांगण्यासारखे नाही. 'असे म्हटल्यास वावगे ठरू नये' हे वाक्य ललितेतर लेखनात चिलखतासारखे वापरतात. ते घातल्यावर माणसाला कोणी जखमी करू शकत नाही. मात्र त्याला धावताही येत नाही. 'असे दिसून येते' यामध्ये कोणाला दिसले ते दिसून येत नाही.

आकर्षक ललितेतर लेखन म्हणजे काय, याचा सर्वांत भरभक्कम पुरावा मराठीत समीक्षेच्या कपाटात नसून स्वयंपाकघरात, फोडणीचे डाग पडलेल्या अवस्थेत सापडतो. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये निघाले. त्यापूर्वीही पाकशास्त्राची पुस्तके होती, पण मापांच्या बाबतीत परिस्थिती अवघड होती. शेर, छटाक आणि तोळे कायद्याने जाऊन किलो-ग्रॅम येण्याला थोडीच वर्षे झाली होती. जुने माप सुनेला ठाऊक नव्हते, नवे सासूला मान्य नव्हते आणि घरोघरी काही तराजू नव्हता. उरलेली कृती 'अंदाजाने', 'बेताने' आणि 'चवीपुरते' या तीन क्रियाविशेषणांवर चालत असे. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा हे माप धरले. वाटी प्रत्येक घरात होती. ती लहान असो की मोठी, पिठाला तीच आणि पाण्यालाही तीच घेतली की प्रमाण बिघडत नाही. एवढ्या एका गोष्टीने हे पुस्तक लग्नातल्या अहेरात गेले, परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी गेले आणि ज्या घरांत दुसरे एकही ललितेतर पुस्तक नाही, अशा घरांतही जाऊन बसले.

येथे लेखकाच्या जोखमीचाही विचार करायला हवा. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात चूक असेल, तर ती चाळीस वर्षांनी एखाद्या परिसंवादात कळते आणि तोवर लेखकाला पुरस्कार मिळालेला असतो. चकलीची कृती चुकली, तर ते त्याच संध्याकाळी चार वाजता कळते. शिवाय परीक्षण करणारी मंडळी घरचीच असल्याने भीडभाड ठेवत नाहीत. पाककृती लिहिणाऱ्याला 'असे म्हटल्यास वावगे ठरू नये' हे परवडत नाही. तेल तापले की नाही, एवढे त्याला सांगावेच लागते.

वाटीचे हे तत्त्व स्वयंपाकघराबाहेरही लागू पडते, पण वापरले जात नाही. उदाहरणार्थ, टीएमसी. दर वर्षी जुलै महिन्यात मराठी वृत्तपत्रे या मापाने वाहू लागतात. कोयना १०५ टीएमसी, खडकवासला साखळीतील चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी, हे पश्चिम महाराष्ट्रात चहाच्या टपरीवरही पाठ असते. टीएमसी म्हणजे काय, असे विचारल्यास मात्र टपरीवर शांतता पसरते. तो एक हजार दशलक्ष घनफूट होय. हे सांगितल्यानेही शांतता भंग पावत नाही. लिटरमध्ये सांगावे, तर ते सुमारे २,८३२ कोटी लिटर होतात आणि ऐकणारा नम्रपणे मान हलवतो. पण गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवाला दहा हजार लिटरचा टँकर चांगला ठाऊक असतो. मे महिन्यात त्याची झोप त्यावरच अवलंबून असते. एका टीएमसीत असे सुमारे २८ लाख टँकर भरतात, हे कळताच तो प्रथम थक्क होतो, मग टँकरच्या दराने गुणाकार करू लागतो आणि शेवटी धरण कोणाच्या मालकीचे आहे अशी चौकशी करतो. वाचक लेखात शिरला याची ही खूण आहे.

माप वाचकाचे असले, तरी पाय लेखकाचेच लागतात. याबाबतीत विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक कर्ज फेडायला चार पैसे मिळावेत म्हणून उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा भरपूर मिळेल, अशी वार्ता होती. त्यांनी मुहूर्त १८५७ सालचा निवडला. यज्ञ बाजूला राहिला आणि गोडसे भटजी बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीत होते. तिथे ते लुटले गेले आणि शेवटी द्रव्याऐवजी गंगेची कावड घेऊन घरी परतले. पुढे चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सर्व लिहून काढले आणि 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ मध्ये छापले गेले. त्या धामधुमीवर नंतर पुष्कळ विद्वत्तापूर्ण ग्रंथ झाले. ते लिहिणाऱ्यांपैकी कोणाचीही दक्षिणा बुडालेली नसल्याने त्यांत तेवढी कळ उतरलेली नाही. अनिल अवचट यांचे 'पूर्णिया' (१९६९) याच जातीचे आहे. बिहारमधल्या एका जिल्ह्याचे कोरडे नाव शीर्षकाला आहे, आणि आत लेखक स्वतः तिथे वणवण हिंडलेला आहे. तात्पर्य काढायचेच झाले, तर प्रवासखर्चाचे बिल जोडता येईल असे लेखन करावे. मात्र ते मंजूर होईल अशी आशा धरू नये.

प्रवास घडला नसला, तरी घरातला एक नेमका तपशीलही पुरतो. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असा त्यांचा खाक्या होता. वाचकाच्या मनात लगेच प्रश्न येतो की मिठाचे काय? आणि तो पान उलटतो. एकोणिसाव्या शतकातील कर्मकांडावर याहून सखोल प्रबंध आहेत. पण कोणत्याही प्रबंधात वाचकाला मिठाची काळजी लागत नाही.

लेखांना वाचक मिळण्याची मोठी जागा म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून ही परंपरा धरतात. आजच्या अंकात अभ्यासपूर्ण लेख सहकारी बँकेच्या शुभेच्छा आणि साड्यांच्या दुकानाची जाहिरात यांच्यामध्ये असतो आणि 'उर्वरित मजकूर पृष्ठ २१४ वर' असा निरोप ठेवून मध्येच नाहीसा होतो. पृष्ठ २१४ पर्यंत गेलेला वाचक वाटेत व्यंगचित्रांपाशी अडकतो.

अंकातील सर्वाधिक वाचला जाणारा मजकूर वार्षिक राशिभविष्य हा होय. ते ललित की ललितेतर याबद्दल मतभेद आहेत. भविष्य लिहिणारा ते शास्त्र मानतो, वाचणारा करमणूक म्हणतो आणि दोघेही ते दोनदा वाचतात. लेखनतंत्राच्या दृष्टीने ते निर्दोष असते. विषय स्वतः वाचक हाच असल्याने प्रस्तावनेची गरज भासत नाही. मजकूर बारा भागांत विभागलेला असून त्यातला एकच वाचायचा असतो, त्यामुळे संपूर्ण वाचल्याचे समाधान अर्ध्या पानात मिळते. अधूनमधून पोटाचे विकार संभवतात, त्यामुळे कथानक सपाट होत नाही. मार्चनंतर परिस्थिती सुधारते. स्वतःची रास वाचून झाल्यावर वाचक पत्नीची रास वाचतो आणि दोन्हींतले खर्चाचे महिने जुळतात का ते पाहतो. वैचारिक लेखकाने भविष्य सांगू नये हे खरे. पण आपल्या विषयात वाचकाची रास कोणती, एवढे तरी त्याने लिहिण्याआधी पाहावे.

पुस्तकाच्या बाबतीत प्रस्तावना नावाचा आणखी एक अडसर असतो. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांना लिहिलेल्या प्रस्तावना इतक्या मोलाच्या होत्या की पुढे त्यांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. त्यावरून नंतरच्या प्रस्तावनाकारांचा गैरसमज झाला. आता प्रस्तावनाकार पहिल्या परिच्छेदात लेखकाचा व शेवटच्यात पुस्तकाचा उल्लेख करतो आणि मधल्या चौदा पानांत स्वतःचे न निघालेले पुस्तक लिहितो. त्यापुढे ऋणनिर्देश. त्यात टंकलेखनापासून चहापर्यंत सर्वांचे आभार मानून लेखक 'यांच्या ऋणात राहणेच पसंत करतो' असे लिहितो. मानधनाच्या बाबतीत प्रकाशकही हेच पसंत करतो.

आवृत्ती पूर्वी हजाराची असे, हल्ली पाचशेचीही निघते. तीतल्या पन्नास-साठ प्रती 'सप्रेम भेट' लिहून वाटल्या जातात. भेट मिळालेले पुस्तक वाचण्याचे बंधन नसते, म्हणून ते वाचले जात नाही. पुढे घराला रंग देण्याच्या वेळी ते रद्दीत जाते आणि तिथून पदपथावरच्या जुन्या पुस्तकांत येते. तिथे कधीकाळी लेखक स्वतःच ते ओळखतो, आतली स्वाक्षरी पाहतो आणि दुसऱ्या कोणाला दिसू नये म्हणून विकत घेतो. ही विक्री हिशेबात धरत नाहीत.

शेवटी शुद्धिपत्र. मराठी पुस्तकाला विषयसूची नसली तरी चालते, पण शुद्धिपत्र बहुधा असते. ते मागाहून डकवलेले असल्याने डिंकाने दोन पाने चिकटतात आणि नेमक्या त्याच पानांवरच्या चुका त्यात दिलेल्या असतात. पुस्तक निघून दोन महिने झाले की लेखकाला एका निवृत्त शिक्षकांचे पत्र येते. त्यात एकूण सतरा चुका पृष्ठांकांसह दाखवलेल्या असतात. पैकी तीन शुद्धिपत्रातल्या असतात आणि एक चिकटलेल्या पानांमधली, म्हणजे गृहस्थांनी ती पाने वाफेवर धरून सोडवलेली असतात. लेखक दोन दिवस जेवत नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात येते की पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला, तोही स्वतःच्या पैशाने विकत घेऊन, असा हा एकच माणूस आहे. दुसरी आवृत्ती निघालीच, तर तिची पहिली प्रत या पत्त्यावर जाते. ती पदपथावर कधीही आढळत नाही. महिन्याभरात तिच्याविषयीचे पत्र मात्र येते.