मिळून येण्यापुरतं

आहारतज्ज्ञ बाई ‘पालेभाजी भरपूर खा’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हिरवागार, निष्पाप पाला असतो. आमच्या घरात पालेभाजी म्हणून जे होतं त्यात पाला निमित्तमात्र. अळूच्या फदफद्याला डाळीचं पीठ लावायचं, त्यात हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि वर गुळाचा खडा. पातळ पालकाला पीठ. चाकवताला ताक आणि पीठ. मेथी कोरडी करायची तर पीठ पेरून. पीठ पेरलेल्या सिमला मिरचीत तर मिरची शोधून खावी लागते. कढीला पीठ, कोथिंबिरीच्या वडीत पीठ, आणि भाजीच आणलेली नसली की सरळ पिठलं.

“किती पीठ लावतेस गं?” मी आईला विचारलं.

“मिळून येण्यापुरतं,” ती म्हणाली.

हे माप कुठल्याच आहारतक्त्यात नाही. बेसनात वजनाच्या निम्म्याहून जास्त कर्बोदकं असतात हे छापलेलं सापडतं, पण भाजी मिळून यायला किती बेसन लागतं हे फक्त आईच्या मुठीला ठाऊक आहे आणि मूठ काही बोलत नाही.

हे सगळं सुरू झालं माझी तीन महिन्यांची सरासरी साखर नको त्या आकड्यापाशी रेंगाळायला लागली म्हणून. घरात पहिली गदा आली ती पोळी-भातावर. चोरी झाली की पोलीस आधी रेकॉर्डवरचा गुन्हेगार उचलतात, तसंच. पोळी-भाताने बिचाऱ्यांनी कधी काही लपवलेलं नाही. पण ताटात वाटीभर भात कमी झाला की घरच्यांना काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि वर “हल्ली ह्यांनी भात सोडलाय” असं शेजारी सांगताही येतं.

मग सल्ले आले. पोळी सोडा, भाकरी खा, हा सल्ला तर हल्ली रिक्षावालाही सुटे पैसे परत देता देता देतो. मला भाकरी आवडते, त्यामुळे मी वाद घातला नाही. पण ज्वारी काय आणि गहू काय, शंभर ग्रॅम पिठामागे कर्बोदकं दोघांतही 65 ते 70 ग्रॅमच्या घरात. शिवाय आमच्याकडच्या एका भाकरीला जेवढं पीठ लागतं तेवढ्यात दोन फुलके सहज व्हावेत. साखर सोडा, गूळ खा, हा दुसरा. गूळ कोल्हापूरचा असला तरी रक्तात शिरताना गाव सांगत नाही. तिसरा सल्ला जिमला जाणाऱ्या पुतण्याचा. “काका, डाळ खा. प्युअर प्रोटीन.” तूरडाळीत प्रथिनं असतात, शंभर ग्रॅममागे 22 ग्रॅमच्या आसपास. उरलेल्यातला बहुतेक भाग कर्बोदकांचा. हे मी त्याला सांगितलं नाही. तो आधीच प्रोटीन पावडरवर बराच खर्च करतो, त्यात आणखी दुःख नको. बशीतले काजू मात्र त्याच्यासमोरून हळूच हलवले. त्यांत शंभर ग्रॅममागे तीसेक ग्रॅम कर्बोदकं निघतात आणि काजू कोणी मोजून खात नाही.

अशा सल्ल्यांच्या गर्दीत मला शाळेतलं आयोडीन आठवलं. पिष्टमय पदार्थावर आयोडीनचा थेंब टाकला की काळानिळा रंग येतो, हा प्रयोग आम्हा सगळ्यांच्या जर्नलमध्ये होता. आकृतीत बटाटा, ड्रॉपर आणि बटाट्यापेक्षा मोठा थेंब. पिष्टातल्या अमायलोजच्या साखळ्या मळसूत्री वळलेल्या असतात, त्या पोकळीत आयोडीन जाऊन बसतं आणि रंग दिसतो. फ्रान्समध्ये हे 1814 साली लक्षात आलं. म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं हे ज्ञान जगाला आहे आणि आमच्या स्वयंपाकघरात ते एकदाही आलेलं नव्हतं. केमिस्टकडून टिंक्चर आयोडीनची बाटली आणली, ड्रॉपर घेतला आणि एका रविवारी दुपारी, घरातल्या सगळ्यांचा डोळा लागलेला असताना, ओट्यापाशी उभा राहिलो.

पहिला थेंब हिंगावर.

हिंगावर का, तर तो घरातला सर्वात सज्जन पदार्थ. चिमूटभर पडतो, पोट सांभाळतो, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. बशीत चिमूट घेतली, पाण्याचे दोन थेंब, त्यावर आयोडीन. क्षणभर तपकिरी राहिलं आणि मग कडेकडेने असं गडद निळं होत गेलं की मी डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचायला घेतली. गव्हाचं पीठ, खाण्याचा डिंक, आणि मग हिंग. खरा हिंग म्हणजे अफगाणिस्तान, इराणकडच्या एका झाडाच्या मुळांतून निघणारा चीक. तो इतका उग्र की तसाच वापरला तर वरणाला नव्हे, अख्ख्या वाड्याला फोडणी बसेल. म्हणून त्याला पिठात आणि डिंकात घोळवून माणसात आणतात. आपल्याकडे त्याचं रोप मुद्दाम लावायला सुरुवात झाली ती 2020 मध्ये, हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात. तोवर आम्ही पिढ्यानपिढ्या बाहेरचा चीक आणि घरचं पीठ खात आलो. चिमटीतून साखर काय वाढणार, हे खरंच. पण ज्याला गहू सोसत नाही त्याने ही डबी वाचलेली बरी.

हिंगच असा निघाल्यावर मी सुटलो. बेकिंग पावडर काळीनिळी. तिच्यात ओल शोषायला मक्याचा स्टार्च घालतात. दुकानातून आणलेली पिठीसाखर निळी, त्याच कारणाने. पाकिटातलं टोमॅटो सूप निळंच, आणि ते तर टोमॅटोच्या चित्राखाली राजरोस कॉर्नफ्लॉवर लिहून मोकळं झालेलं. पनीर उजळ राहिलं तेव्हा मला त्या डेअरीवाल्याबद्दल भरून आलं. पनीर आणि खव्यातली पिठाची भेसळ ओळखायला अन्नसुरक्षा प्राधिकरणही हाच उपाय सांगतं, त्यामुळे माझ्या उद्योगाला सरकारी आधार होता. शेवटी मी रोजच्या गोळ्यांतली एक चुरडली. साखर कमी करायची गोळी. तीही निळी. गोळी बांधली जायला आणि पोटात गेल्यावर सुटायला तिला स्टार्चचा आधार लागतो. भाजी असो नाहीतर औषध, मिळून आल्याशिवाय कुणाचं चालत नाही. यातलं पीठ मिलिग्रॅममध्ये मोजायचं असतं, तेवढ्यासाठी कुणी गोळ्या सोडू नयेत. मी सोडल्या नाहीत, फक्त त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली.

त्या गडबडीत एक थेंब फ्रिजवर चिकटवलेल्या आहारतक्त्यावर उडाला. ‘भात: अर्धी वाटी’ या ओळीशेजारी टपोरा निळा डाग. कागदावर शाई पसरू नये म्हणून त्याला स्टार्च चढवतात. परदेशात खोट्या नोटा ओळखायची पेनं याच तत्त्वावर चालतात, कारण साधा कागद काळवंडतो आणि खऱ्या नोटेचा नाही. ज्या कागदावर मला कर्बोदकं कमी करा म्हणून लिहून दिलं होतं, त्यात कर्बोदकं होती. हे मी बायकोला झोपेतून उठवून दाखवलं.

“अहो, पण तो कागद तुम्हाला खायला कुठे सांगितलाय?” असं म्हणून ती कूस बदलून झोपली.

तिचंही खरं होतं. मात्र आयोडीनची एक खोड तिनेच नंतर दाखवून दिली. ते पीठ पकडतं, साखर सोडून देतं. हिरव्या केळ्याच्या चकतीवर थेंब टाकला की ती काळीनिळी होते. सालीवर ठिपके आलेलं केळं घ्या, रंग जेमतेम येतो. पीठ गेलं कुठे? पिकता पिकता साखर झालं. म्हणजे माझ्या बाटलीने ज्याला निर्दोष ठरवलं ते केळं रक्तात आधी पोचणार. केचपमध्ये साधारण चतुर्थांश साखर असते, त्यावर थेंब टाकून काय कळणार? दुधात शंभर मिलीला साडेचार-पाच ग्रॅम लॅक्टोज, त्यामुळे ‘बिनसाखरेचं’ म्हणून रात्री घेतलेल्या पेलाभर दुधात दोन चमचे साखरेइतकं कर्बोदक आधीच विरघळलेलं. माझ्या बिनसाखरेच्या चहात पडते ती गोड पुडी तर निराळंच प्रकरण. सुक्रालोज साखरेच्या 600 पट गोड. कपापुरतं सुक्रालोज पुडीत भरलं तर गिऱ्हाईक पुडी रिकामी आहे म्हणून परत आणून देईल. म्हणून तिच्यात भर घालतात, आणि ती भर असते डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लॅक्टोजची. साखर नको म्हणून आणलेल्या पुडीचं वजन साखरेच्या भावंडांनी भरून काढलेलं. ‘शुगर-फ्री’ बिस्किटाचं तसंच. शंभर ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर नसली की तसं छापायला नियमाने परवानगी आहे. मैद्याबद्दल त्या शब्दात काही म्हटलेलं नाही, आणि बिस्किटाला तर मैद्यावाचून अस्तित्व नाही.

मांसाहारी मित्र या सगळ्यावर मिशीत हसतात. त्यांना एवढंच सांगतो की सुरमईला रवा आणि तांदळाचं पीठ तुम्हीच लावता, तिसऱ्यांत ग्लायकोजन जात्याच असतं, आणि हे ग्लायकोजन नावाचं प्राण्यांचं पीठ क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1857 मध्ये वेगळं काढलं ते काळजातून. कलेजी मागवताना आठवण ठेवा.

आता आषाढीचं सांगतो. आमच्याकडे त्या दिवशी कडक उपास. सकाळी साबुदाण्याची खिचडी, बरोबर बटाट्याची भाजी, दुपारी वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याचे गोड काप. साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदाचं पिष्ट, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला गोल होऊन आलेलं. शंभर ग्रॅममागे 85 ग्रॅमच्या वर कर्बोदकं, बाकी जवळपास काही नाहीच. एरवी वर्षभर माझी पोळी मोजणारी आई त्या दिवशी खिचडी मोजत नाही. धान्य वर्ज्य, एवढाच तिचा नियम. वरई हे गवताच्याच कुळातलं धान्य आहे हे मी एकदा तिला सांगून पाहिलं. “मग पंढरपूरला जाऊन सांग,” एवढंच म्हणाली.

या आषाढीला मी बशीत चमचाभर खिचडी वेगळी काढली आणि तिच्यासमोर थेंब टाकले. एकेक दाणा काळानिळा होत गेला. शेजारची बटाट्याची फोडही. आई चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, “बघ. हे सगळं पीठ.”

तिने काही न बोलता ताटातली लिंबाची फोड उचलली आणि बशीवर पिळली. चमच्याने जरा हलवलं. निळा रंग फिका झाला, आणखी फिका झाला आणि खिचडी पहिल्यासारखी पांढरी झाली.

लिंबातल्या क जीवनसत्त्वाने आयोडीनचं आयोडाइड होतं, मग रंग उरत नाही, पीठ जिथल्या तिथेच असतं, हे मी तिला तीनतीनदा समजावलं. तिने ऐकून घेतलं. ती बशी सिंकमध्ये ठेवली, माझ्या ताटात ताज्या खिचडीचा डाव घातला, आणि त्यावर अख्खं लिंबू पिळलं.

“आता खा,” ती म्हणाली. “गेलं पीठ.”