इमारतीचे दात कोण बघणार?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस एकमुखी दत्तापुढे हात जोडतो, भक्तिभाव तिथेच ठेवतो आणि बाजारात शिरतो. जबडा उघडून दातांवरून वय काढतो, खूर उचलतो, अंगावरचे भोवरे तपासतो. मालक 'अस्सल मारवाडी' म्हणून शपथा घेतो, हा म्हणतो, "आधी चालवून दाखव." रेवाल चाल डोळ्यांनी बघितल्याखेरीज खिशात हात जात नाही.

हाच गृहस्थ बंगला बांधताना संगणकावरचं रंगीत चित्र बघून सही करतो. चित्रात हिरवळ असते, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच असते. मे महिना मात्र नसतो.

मोठ्या इमारतींसाठी 2007 पासून ऊर्जासंहिता आहे, 'गृहा' या हरित मानांकनाचे तारेही आहेत. वीज किती लागेल हे आधी कागदावर ठरतं. लागली किती, हे विचारायला नंतर फारसं कोणी फिरकत नाही. ब्रिटनमध्ये 1995 ते 2002 या काळात 'प्रोब' नावाने वापरातल्या इमारती तपासल्या, तेव्हा कित्येकींची वीज अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली. आपण तपासत नाही, म्हणून आपले अंदाज आजवर अचूक आहेत.

बरं, मोजायचं ठरवलं तरी माप बघा: दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट. या हिशेबाने भारनियमनातली कचेरी देशात पहिली यायची. कारकून घामाने निथळतोय, पण घामाला मीटर नाही!

जुन्या धाब्याच्या घराची परीक्षा सोपी होती. जाड मातीच्या भिंतीआड दुपारी डोळा लागतो का? मृगाआधी खारी माती टाकूनही धाबं गळतं का? परीक्षक घरातलेच, त्यामुळे शेरे घरातल्या भाषेत.

म्हणून सूचना अशी की, नव्या इमारतींची पाहणी यात्रेतल्या घोडेवाल्यांकडे द्यावी. आमच्या समित्या येतात डिसेंबरात, शाल पांघरून, आणि 'आतलं वातावरण सुखद' असं लिहून जातात. घोडेवाल्याला मे महिन्यात बोलवा. तो रंगाकडे बघणार नाही. गच्चीखालच्या खोलीत दुपारी तीनला पंखा बंद करून बसेल, गच्चीवर पाणी सोडून खाली छताकडे बघेल, शौचालयाचा नळ फिरवेल. आणि वास्तुविशारदालाही तीन दिवस त्याच खोलीत बसवावं. फीचा चेक चौथ्या दिवशी.