बॅटवाले काका

पतसंस्था असो, कारखान्याचं टाइम ऑफिस असो की डिप्लोमा कॉलेजची लॅब, तिथं एक बॅटवाले काका असतातच. क्रिकेटशी त्यांचा संबंध नाही. रात्रीचा बॅकअप, जुन्या फायली पुसणं, महिनाअखेरचे रिपोर्ट, सगळं त्यांनी नोटपॅडमध्ये लिहिलेल्या डॉट बॅट फायलींवर चालतं. नव्या पोरांनी पॉवरशेलचं नाव काढलं की काका एवढंच विचारतात, "चालतंय ना?" चालत असतंच; पंचाईत तीच आहे.

माणूस प्रश्न वाचत नाही, एंटर दाबतो, असं काकांचं ठाम मत. म्हणून 'सेट स्लॅश पी'नं काही विचारण्याआधी ते उत्तर स्वतःच भरून ठेवतात. 'बॅकअप कुठं घेऊ?' असं स्क्रीनवर येण्याआधीच व्हेरिएबलमध्ये ई ड्राइव्ह बसलेला असतो. समोरच्यानं नुसतं एंटर मारलं तर ही आज्ञा आधीच्या उत्तराला हात लावत नाही. पण ही सोय उलटतेही. फाइल फिरून पुन्हा तोच प्रश्न विचारते तेव्हा मागचं उत्तर तिथंच ठाण मांडून असतं आणि कॅशियरचा 'हो' पुढच्या क्लार्कच्या नावावर खर्ची पडतो. म्हणून काका दर फेरीला व्हेरिएबल धुऊन घेतात. 'इफ'मध्ये दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावतात, कारण कोऱ्या उत्तरानं ती ओळच कोसळते. एखाद्या पोरानं 'सेट' लिहिताना बरोबरच्या चिन्हाआधी मोकळी जागा सोडली, तर ती जागा नावातच धरली जाते, हे सांगायला ते जेवण सोडून उठतात.

'पुसून टाकू का?' इथं मात्र तडजोड नाही. इथं 'चॉइस' लागते. दहा सेकंद थांबायचं, कुणी काहीच दाबलं नाही तर 'नाही' धरायचं. "मौन म्हणजे संमती असं ज्यानं ठरवलं, त्यानं डिलीट कधी चालवलं नव्हतं," असं काका म्हणतात. (मला हे पटतं.)

लग्नाच्या पंगतीत त्यांचा खरा छळ होतो. तिथं माणूस गप्प राहिला की पानात जिलबी पडते. हात आडवा धरला तरी पडते, म्हणजे इनपुट घेतलं जातं पण वाचलं जात नाही. "अहो, काही बोललो नाही तर वाढायचं नाही, असं हवं!" काका वाढप्याला समजावतात. वाढपी मान डोलावत ऐकून घेतो आणि ऐकता ऐकता आणखी दोन वाढतो.

रजेच्या अर्जात मात्र काकांचं तत्त्व डळमळतं. गणपतीला गावी जायचं म्हणून त्यांनी अर्जाखाली लिहिलं, 'दोन दिवसांत उत्तर न आल्यास रजा मंजूर समजून निघेन.' साहेबांना बॅच फायली काकांनीच शिकवल्या होत्या. अर्ज संध्याकाळीच परत आला. खाली लाल शाईत लिहिलं होतं: 'चॉइस. मुदत दोन दिवस. काही न दाबल्यास, नाही.'